बांगलादेशातून होणाऱ्या घुसखोरीने सीमेवरच्या गावांचं, गुन्हेगारीचं आणि आपल्याकडच्या मजुरीचं नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की घुसखोरीचे परिणाम खरोखर जाणवतात का, की हा निवडणुकीपुरता काढायचा विषय आहे. मी काही अभ्यासक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून बांधकामावर सुपरवायझर म्हणून चिकटलो, त्याला आता वीस वर्षं होतील. त्यातली दोन वर्षं, २०१३ ते २०१५, पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात बनगावच्या पुढे रस्त्याच्या कामावर गेली. बाकी सगळी पनवेल, उलवे, तळोजा. माणूस जिथून आत शिरतो ते टोक पाहिलंय आणि जिथे येऊन घमेलं उचलतो तेही, एवढ्याच भांडवलावर सांगतो.

परिणाम आहेत, आणि मोठे आहेत. पण ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो त्याच्यापेक्षा त्याला आणणारा, कागद करून देणारा आणि कामावर ठेवणारा, या तिघांचा हात त्यात जास्त आहे असं माझं मत झालंय.

आधी सीमेवरचं. सीमा एकूण ४,०९६ किलोमीटरची आणि निम्म्याहून जास्त एकट्या बंगालला लागून. सुमारे ३,२०० किलोमीटरवर कुंपण झालंय. इथे बसून आपल्याला वाटतं की कुंपण म्हणजेच सीमा. मलाही तसंच वाटायचं. पण १९७५ साली दोन्ही देशांत ठरलं की शून्य रेषेपासून, म्हणजे दोन देशांमधल्या प्रत्यक्ष हद्दीपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून आपली तार आपल्याच हद्दीत मागे सरकवून घातली आहे. मधल्या पट्ट्यात आपल्याच लोकांची शेतं आहेत, काही ठिकाणी तर अख्खी वस्ती आहे. माणूस भारताचा, मतदार भारताचा, पण घरी जायला बीएसएफचं, म्हणजे सीमा सुरक्षा दलाचं, गेट ओलांडायचं. तिकडे तारेला ‘तारकाटा’ म्हणतात, आणि ‘तारकाट्याच्या ओपारचा’, म्हणजे तारेपलीकडचा, म्हटलं की त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरतात.

आमच्या साइटच्या वाटेवर असं एक गेट होतं. सकाळी तिथे रांग लागायची: सायकली, पाठीवर फवारणीचे पंप, गमछात बांधलेली मुढी. मुढी म्हणजे आपले मुरमुरेच. ओळखपत्र जवानाकडे जमा करायचं. तो वहीत लिहिणार: नाव, बैल किती, खताच्या गोण्या किती. गेट ठरलेल्या वेळीच उघडणार आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. आमच्याकडे खडी पसरायला येणाऱ्या एकाचं दीड बिघा भात तारेपलीकडे होतं. कापून पडलेलं, दुपारी आभाळ भरून आलं, गेट बंद. हा अलीकडे उभा, भात पलीकडे भिजतंय. जवानाला शिव्या देऊन उपयोग नव्हता, त्याच्या हातात किल्लीशिवाय काही नव्हतं. ताग हे तिथलं नगदी पीक, पण तारेजवळ तो लावू देत नाहीत, कारण पुरुषभर वाढतो आणि त्याचा आडोसा होतो. रात्री सीमेच्या पट्ट्यात फिरायला बंदी. बाळंतीण अडली तर आधी चौकीवर जाऊन जवानाला सांगायचं.

गंमत म्हणजे घुसखोर त्या गावात थांबतच नाही. तिथे त्याला काम कुठे आहे? रात्री येतो, पहाटेची सियालदह लोकल पकडतो आणि आठवड्याभरात बंगळूर, दिल्ली नाहीतर आपल्याकडे. गावाच्या वाट्याला राहतात पहारा आणि धंदा. चोरून आणलेल्या माणसाला तिथल्या बोलीत ‘धूर’ म्हणतात, आणि ज्या ठिकाणाहून उतरवतात तो ‘घाट’. सीमेवरच्या इच्छामती नदीच्या पात्रात काही तार घालता येत नाही. गाई पलीकडे जायच्या, नशेसाठी पितात ते कोडीनचं खोकल्याचं औषध पलीकडे जायचं, सोनं अलीकडे यायचं आणि धूर दोन्ही बाजूंनी. माल वेगळा, घाट तोच, पोरंही तीच. सतरा-अठराची मुलं शाळा सोडून नुसतं उभं राहून इशारा द्यायचे पैसे कमवत. दोन दिवस खडी उचलून मिळेल ते एका रात्रीत मिळत असेल तर आमच्या साइटवर कोण येणार? आम्हाला सीमेवरच्या गावात मजूर मिळेनात, म्हणून बंगालच्याच बीरभूम जिल्ह्यातून आणावे लागले. आणि हे सगळं पहारा असताना चालतं, ते कोणाच्या तरी डोळेझाकीशिवाय नाही. २०२० मध्ये गाईंच्या तस्करीच्या प्रकरणात सीबीआयने बीएसएफच्याच एका कमांडंटला अटक केली होती.

आसामचं दुखणं वेगळं आहे. तिथे प्रश्न मजुरीच्या आधी जमिनीचा आणि भाषेचा. १९७९ ते १९८५ घुसखोरीविरुद्धचं आंदोलन, १५ ऑगस्ट १९८५ चा करार, २४ मार्च १९७१ ही कटऑफ तारीख, म्हणजे तिच्यानंतर आलेला तो परका, आणि शेवटी ३१ ऑगस्ट २०१९ च्या एनआरसीत, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीत, १९ लाखांवर माणसं यादीबाहेर. मी तिथे राहिलेलो नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता गुन्हेगारी. एकूण किती लोक आहेत याचाच पत्ता नाही. २००४ मध्ये केंद्राच्या मंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाखांचा आकडा दिला आणि काही दिवसांतच तो भरवशाचा नसल्याचं सांगून मागे घेतला. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारने २ कोटी सांगितले. जिथे डोकी मोजलेली नाहीत तिथे ‘त्यांच्यात गुन्ह्यांचं प्रमाण इतकं टक्के’ असं कोणी ठासून सांगत असेल तर तो फेकतोय. परदेशी लोकांवर आपल्याकडे नोंदवलेले बहुतेक गुन्हे हे विनाकागद आत येण्याचे आणि राहण्याचेच असतात. बंगालच्या तुरुंगांत तर एक खास शब्दच आहे, ‘जान खलास’. शिक्षा भोगून झाली, पण मायदेशाने आपला म्हणून मान्य करेपर्यंत सोडायचं कुठे, म्हणून आतच ठेवलेला कैदी.

याचा अर्थ धोका नाही असा अजिबात नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला बर्धमानच्या खागरागडमध्ये भाड्याच्या घरात बॉम्ब बनवताना स्फोट झाला, दोघे मेले. तपासात बांगलादेशातल्या जेएमबी या दहशतवादी संघटनेचं जाळं निघालं. तेव्हा मी बंगालमध्येच होतो. आमच्या लेबर कॅम्पवर रात्री दोन वाजता पोलीस येऊन सगळ्यांचे कागद बघून गेले. ज्या घाटावरून पोटासाठी येणारा येतो, त्याच घाटावरून तसला माणूसही येतो. दलाल त्याला हेतू विचारत नाही, पैसे मोजून घेतो. आणि दुसरा गुन्हा, ज्यावर फारसं कोणी बोलत नाही: पुण्याच्या बुधवार पेठेत, भिवंडीत धाडी पडतात तेव्हा सुटका झालेल्या मुलींत बांगलादेशातून कामाच्या आमिषाने आणलेल्या मुली वरचेवर असतात. कायद्याच्या कागदावर त्याही घुसखोरच.

मजुरीबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात माझीही सही आहे.

२०१७ ची गोष्ट, उलव्याची साइट. मुकादमाने चौदा पोरं आणली. ‘मालदा का है साहब.’ मालदा म्हणजे बंगालचाच सीमेवरचा जिल्हा. आधारच्या झेरॉक्स दिल्या, मी फाइलला लावल्या. त्यातली काही मालद्याची असतील, काही नसतील. लोक मला विचारतात, तू बंगालमध्ये राहिलास, बोलण्यावरून ओळखू येत नाही का? नाही येत. आपलं मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातलं राजशाही पद्मा नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. आपल्याकडे सावंतवाडी आणि पेडणे जितकं वेगळं बोलतात, तितकंच ते. जो म्हणतो मी बोलीवरून ओळखतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

त्या वेळी कळंबोलीच्या नाक्यावर नांदेड-यवतमाळकडचा बिगारी ५०० च्या खाली उतरत नव्हता. मुकादमाची पोरं आम्हाला ४०० ला पडत. त्यातले पोराच्या हातात किती येत हे मला कळायचं नाही, कारण आम्ही पैसे मुकादमाला द्यायचो आणि तो रविवारी शंभर-दोनशे रुपये खर्ची वाटायचा. उरलेलं ‘हिशेबात’. पण ठेकेदाराला शंभर रुपयांहून प्यारी होती ती दुसरी गोष्ट. नाक्यावरच्या माणसाचे पैसे दोन आठवडे थकले तर तो येणं बंद करतो, किंवा गावाकडच्या कोणा पुढाऱ्याचा फोन येतो. ही पोरं तीन-तीन महिने थांबत. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता, बिल्डरकडून १ टक्का उपकर घेतला जायचा, नोंदणी झालेल्या मजुराला त्यातून मदत मिळायची. पण नोंदणीला कागद लागतो, आणि खोटा कागद खिशात असलेला माणूस सरकारी खिडकीपाशी जाईलच कशाला.

एक दिवस त्यातला एक दुसऱ्या मजल्याच्या शटरिंगवरून घसरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. एकोणीस-वीसचा असेल. ओरडत पण नव्हता, नुसता मुकादमाकडे बघत होता. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होणार, म्हणून ठेकेदाराने वीस हजार मुकादमाच्या हातावर ठेवले आणि संध्याकाळी टेम्पोत घालून त्याला नेलं. कुठे, ते मी विचारलं नाही. सोमवारी हजेरीची नवी वही आली. आधीच्या आठवड्याची पानं तिच्यात नव्याने लिहिलेली, तेरा नावांची. मी खाली सही केली.

तर नाक्यावरच्या बिगाऱ्याचं नुकसान झालं का? झालं. शंभर रुपयांनी महाग ठरला आणि वर, ‘काम करायचं तर कर, नाहीतर मुकादमाची पोरं आहेत’ हे ऐकून घ्यावं लागलं. पण हे सगळीकडे सारखं नाही. लादी, शटरिंग, सळई बांधणारा फिटर, या कामांत आपल्या माणसांची तशीही वानवा आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळे परप्रांतीय गावी गेले तेव्हा आम्ही फिटरला दीडपट दर बोलून पाहिला, इथला माणूस मिळाला नाही. शेवटी ओडिशाहून विमानाने दहा जण आणले. सगळे घुसखोर काढले की सगळ्या नोकऱ्या मराठी पोरांना, हे गणित माझ्या साइटवर तरी जुळलेलं नाही.

कागदांचं आणखी एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगालात मतदारयाद्यांची पडताळणी सुरू झाली, २००२ ची यादी धरून. तेव्हा सीमेवरच्या हकीमपूरच्या चेकपोस्टपाशी पोटलं-पिशव्या घेऊन बांगलादेशात परत जाणाऱ्यांची गर्दी जमली होती. कोलकात्याच्या आसपास धुणीभांडी, मजुरी करणारे. काहींनी तर सांगितलं की दलालाला पैसे देऊन इथली कार्डं केली होती. ते गेले. कार्डं करून देणारे कुठे गेले, याची बातमी माझ्या वाचनात आली नाही.

आणि चुकीच्या माणसाला धरलं की काय होतं तेही आपण मुंबईकरांनी दोनदा करून दाखवलंय. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस ‘बांगलादेशी’ म्हणून काही जणांना रेल्वेगाडीने सीमेकडे नेत होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेरियाला जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं, हे आपलेच बंगाली आहेत म्हणून. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणारे मुर्शिदाबाद, बर्धमानचे काही मजूर पकडून थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. बंगाल सरकारने कागद दाखवले, बीएसएफने पलीकडच्यांशी बोलणी केली, तेव्हा परत आणले.

त्या बातमीनंतर आमच्याकडचा मुर्शिदाबादचा एक मिस्त्री माझ्याकडे प्लॅस्टिकची फाइल घेऊन आला. बारा वर्षं माझ्याबरोबर आहे, प्लास्टरला त्याचा हात धरणारा नाही. फाइलमध्ये वडिलांच्या नावाची जमिनीची परचा, म्हणजे तिकडचा सातबाराच, जुन्या मतदारयादीचं पान, मुलीच्या शाळेचा दाखला. त्याला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं की हा इथे कामाला आहे. मी दिलं. त्याने ते लॅमिनेट केलं आणि झोपताना फाइल उशीखाली ठेवायला लागला.

यंदा दिवाळीनंतर ठेकेदाराने फर्मान काढलं: बंगाली नको, भानगड नको. मिस्त्री फाइल घेऊन गावी गेला. त्याच्या टोळीच्या जागी झारखंडची पोरं आली आहेत. आणणारा मुकादम तोच आहे, हजेरीचा दर तोच आहे, आणि खर्ची अजून रविवारीच वाटतात.