25 मीटरवर रिव्हॉल्व्हरचा नेम का विस्कटतो आणि त्याचा सराव कसा करावा?

आपण विचारले आहे की, स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरने 7 मीटरवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात, पण 25 मीटरवर त्या कागदभर पसरतात. तेव्हा लांबच्या अंतराचा सराव छंद म्हणून आणि वेळ आलीच तर बचावासाठी कसा करावा, आणि तो काटोलजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत करता येईल का? मी नागपुरातच छंद म्हणून पिस्तूल नेमबाजी करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बागेचे आधी सांगतो, कारण तिथे दुमत नाही: बागेत गोळी झाडू नका. .22 ची लहानशी गोळीसुद्धा एक किलोमीटरहून अधिक लांब जाऊ शकते, झाडांच्या ओळी तिला अडवत नाहीत, आणि दगडावर किंवा कडक जमिनीवर आपटून ती कोणत्या दिशेला उसळेल हे कोणालाही सांगता येत नाही. बागेत राखणदार असतो, तोडणीची माणसे असतात, बांधापलीकडे दुसऱ्याचे शेत असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 मध्ये, इतरांचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजीपणे बंदूक चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा, जिथे निशाणामागे मातीचा भक्कम बांध असतो आणि गोळीबार थांबवण्याचा अधिकार असलेला एक माणूस हजर असतो. रेंजवर जाण्यापूर्वी तिथे .32 चालते का हे विचारून घ्या, कारण 10 मीटरच्या बऱ्याच रेंज फक्त एअर पिस्तूल आणि एअर रायफलसाठी असतात. रिव्हॉल्व्हर सरावासाठी नेण्याबाबत परवान्यावर काय अटी नोंदल्या आहेत, हेही वाचा. शंका असल्यास शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारा.

आता मूळ प्रश्न. अंतर वाढले की नेम बिघडतो असे वाटते, पण बहुतेक वेळा नेम 7 मीटरवरही तेवढाच बिघडलेला असतो. जवळून तो दिसत नाही इतकेच. यात दोन वेगवेगळ्या चुका असतात. हात थरथरून संपूर्ण रिव्हॉल्व्हर, दोन्ही साइट्स (नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची उभी पट्टी आणि मागची खाच) एका रेषेत असतानाच, 5 मिलिमीटर बाजूला सरकले, तर गोळी 7 मीटरवर 5 मिलिमीटरच सरकते आणि 25 मीटरवरही तेवढीच. परंतु ट्रिगर दाबताना मनगट किंचित वळले आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एका बाजूला गेली, तर ती चूक कोनाची असते आणि अंतराबरोबर वाढत जाते. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरवर दोन साइट्समधले अंतर 10 सेंटीमीटर धरले, तर पुढची साइट केवळ 1 मिलिमीटर हलल्याने गोळी 7 मीटरवर 7 सेंटीमीटर जाते आणि 25 मीटरवर 25 सेंटीमीटर. आपल्या तळहाताएवढ्या ग्रुपचा (एकत्र बसलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा) कागदभर पसारा होतो तो याच हिशोबाने. म्हणून हात अजिबात न हलू देण्याचा आटापिटा सोडून द्यावा, हात हलणारच. हलत्या हातात दोन्ही साइट्स एका रेषेत ठेवून ट्रिगर सरळ मागे आणणे, हेच सगळे शिक्षण आहे.

याचा डोळ्यांशी थेट संबंध आहे. मागची साइट, पुढची साइट आणि निशाण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत, आणि मनाची ओढ निशाणाकडे असते. नजर मात्र पुढच्या साइटवरच हवी. तिची वरची कड धारदार दिसावी आणि निशाणाचे काळे वर्तुळ धूसर राहावे. त्या धूसर वर्तुळाच्या मध्यावर नेम धरण्यापेक्षा त्याच्या खाली पांढऱ्या भागात थोडी जागा सोडून नेम धरला, तर साइटची कड अधिक नीट दिसते. अर्थात यासाठी साइट वरखाली करता यायला हवी, आणि आपल्या रिव्हॉल्व्हरवर ती स्थिर असेल तर गोळी कुठे बसते ते पाहून नेमाची जागा ठरवावी लागेल. उघड्या रेंजवर आपल्याकडच्या उन्हात साइट चमकते आणि प्रकाश ज्या बाजूने येतो त्या बाजूची कड फसवी दिसते. यावर जुना उपाय आहे: शस्त्र पूर्ण रिकामे करून, काडतुसे आणि शस्त्र साफ करण्याचे तेल दूर ठेवून, पेटत्या कापराची काजळी साइटवर धरावी. काळी मिट्ट, न चमकणारी साइट दिसली की निम्मा गोंधळ मिटतो. मे महिन्यात 44–45 अंश तापमानात घामाने पकड सटकते, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या.

सरावाचा मोठा भाग गोळीविना होतो. रिव्हॉल्व्हर रिकामे आहे हे सिलिंडर उघडून, प्रत्येक खण बघून आणि बोटाने चाचपून खात्री करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवा, खणांत नकली काडतुसे घाला, आणि पलीकडे माणूस नसलेल्या, मागे भक्कम विटा असलेल्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. कोरी भिंत मुद्दाम सांगतो, कारण निशाणच नसेल तर नजर आपोआप साइटवर येते. ट्रिगर हळू, न थांबता दाबत जा, आणि हॅमर (ट्रिगर दाबल्यावर पडणारा मागचा घोडा) पडल्यावरही क्षणभर साइटकडे पाहत राहा. ती हॅमरबरोबर उडाली तर बोटाने काय केले ते तिथेच कळते. रोज दहा मिनिटे पुरतात, थकल्या हाताने केलेला सराव वाईट सवयी पक्क्या करतो. .22 चे शस्त्र मात्र उत्पादकाने परवानगी दिल्याशिवाय असे रिकामे चालवू नये, कारण त्याची पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळू शकते.

लांबच्या सरावासाठी लांब जावेच लागते असेही नाही. 50 मीटर पिस्तूल या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ 50 मिलिमीटरचे असते आणि 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये ते 11.5 मिलिमीटरचे, म्हणजे कोनाच्या हिशोबाने दोन्हींची अवघडता जवळपास सारखी आहे. भारतीय नेमबाज जितू राय यांनी 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत 50 मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले, आणि 10 मीटर एअर पिस्तूलमध्येही ते जागतिक पातळीवर खेळत. म्हणून .32 ची महाग आणि मोजून मिळणारी काडतुसे जाळण्याऐवजी एअर पिस्तूलवर वर्षभर मेहनत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज आणि धक्का कमी असल्याने बोटाची चूक लपत नाही, आणि पेलेट (एअर पिस्तुलाचा छर्रा) नळीत जास्त वेळ राहत असल्याने शॉटनंतर हात स्थिर ठेवण्याची सवय आपोआप लागते.

स्वसंरक्षणाबाबत मला थोडे कठोर लिहावे लागेल. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. त्यांतील कलम 37 प्रमाणे पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्क नाही, आणि बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. 25 मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून दार लावून घेणे, मागे हटणे, 112 ला फोन करणे बहुधा शक्य असते, आणि नागपूरच्या कोणत्याही वस्तीत चुकलेली गोळी कोणाच्या तरी घरात जाते. त्यामुळे 25 मीटरचा सराव 25 मीटरवर कोणावर गोळी झाडण्यासाठी नव्हे, तर ट्रिगरवरच्या आपल्या बोटाला शिस्त लावण्यासाठी करा. घाबरलेल्या अवस्थेत हॅमर आधी मागे ओढण्याची उसंत मिळत नाही, म्हणून जवळच्या अंतरावर डबल ॲक्शनचा, म्हणजे ट्रिगर दाबूनच हॅमर मागे नेऊन सोडण्याचा, जड ट्रिगरही तितक्याच शिस्तीने दाबता आला पाहिजे. लांबच्या अचूकतेसाठी सिंगल ॲक्शन, म्हणजे हॅमर आधी हाताने मागे ओढून ट्रिगर दाबणे, ठीक आहे.

पुढची पायरी कधी घ्यावी, याचे माप सोपे आहे. 25 मीटरच्या निशाणाचे काळे वर्तुळ 200 मिलिमीटरचे असते. 10 मीटरवर त्याच कोनाचे वर्तुळ 80 मिलिमीटरचे होते. पांढऱ्या कागदावर तेवढे काळे वर्तुळ काढा आणि घाई न करता, प्रत्येक गोळीनंतर हात खाली घेऊन, दहा गोळ्या झाडा. गोळी सुटताना साइट कुठे होती हे कागदाकडे न पाहता वहीत आधी नोंदवा आणि मग छिद्राशी ताडून पाहा. दहाही आत बसू लागल्या आणि आपला अंदाज छिद्रांशी जुळू लागला, की 15 मीटरवर 120 मिलिमीटरचे वर्तुळ लावा, आणि त्यानंतरच 25 मीटरच्या रेषेवर उभे राहा.