गोंदण असेल तर ओन्सेनला जावं का?

प्रश्न : माझी मुलगी टोकियोला असते. नोव्हेंबरमध्ये मी तिच्याकडे जाणार आहे. ती म्हणते, एक दिवस ओन्सेनला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ. पण तिथं म्हणे अंगावर एकही कपडा न ठेवता उतरावं लागतं. माझं वय 61. शिवाय दोन्ही हातांवर लहानपणचं गोंदण आहे, आणि गोंदलेल्यांना आत घेत नाहीत असंही ऐकलं. जावं की नको?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, जाच. आधी गोंदणाचं सांगते, खरी अडचण तीच आहे. जपानमध्ये अंगभर गोंदलेला माणूस म्हणजे याकुझा, गुन्हेगारी टोळीतला, असा समज रुजलाय. म्हणून पुष्कळ ठिकाणी सरसकट बंदी असते. आजीनं हौसेनं गोंदवून घेतलेलं तुळशीवृंदावनही त्यातून सुटत नाही. 2013 साली न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे होक्काइदोत दारातून परत पाठवलं होतं. ती बातमी वाचून मला फार लागलं. माझ्या आईच्या कपाळावरही गोंदण होतं.

तेव्हा मुलीला आधीच फोन करून विचारायला सांगा. लहान गोंदण चिकटपट्टीनं झाकलं तर काही ठिकाणी चालतं. त्याहून बरं म्हणजे 'काशिकिरी' मागा. ठरावीक वेळेपुरतं कुंड फक्त तुमचं, मायलेकी दोघीच. निम्मी लाज तिथंच संपते.

उरलेल्या लाजेचं म्हणाल, तर आपण गंगेवर लुगड्यासकट बुडी मारणाऱ्या बायका. जपानमधल्या कुसात्सू या गरम झऱ्यांच्या गावी मी गेले होते, तेव्हा कपडे ठेवायच्या टोपलीसमोर कितीतरी वेळ नुसती उभी होते. बायकांचा भाग वेगळाच असतो, तरी पाय उचलेना. आत गेले तर शेजारच्या बुटक्या स्टुलावर एक म्हातारी टाचा घासत बसलेली. एक टाच झाली, दुसरी घेतली. मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मीही बसले. आधी तिथं साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, फेस पुरता धुवायचा आणि मगच कुंडात उतरायचं. कुंड शेकायला असतं, अंग धुवायला नव्हे. केस वर बांधायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

कुसात्सूचं पाणी गंधकाचं, आंबट आणि कढत. गार पाणी मिसळलं तर गुण उतरतो, म्हणून तिथं लांब लाकडी फळ्यांनी ढवळून ते निववायची जुनी रीत आहे. माझी जोडवी पायातच राहिली होती. बाहेर आले तर काळी ठिक्कर! सासूबाईंनी घातलेली जोडवी ती, जीव कळवळला. सराफ बाजारात उजळून मिळाली, पण तुम्ही चांदी खोलीवरच काढून ठेवा.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. भरल्या पोटी उतरू नका, पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. आणि उठताना काठ धरून सावकाश उठा. पाण्यात कळत नाही, उभं राहिल्यावर गरगरतं.