घर विकत घेण्याआधीची तपासणी : काय मिळते, काय मिळत नाही

प्रश्न : सांगलीच्या गावभागात तळमजल्यावरची एक सदनिका आम्ही विकत घेण्याच्या विचारात आहोत. इमारत अठरा वर्षांची आहे. बँकेचा मूल्यांकनकार पाहून गेला आणि कर्जाला अडचण नाही असे बँकेने कळवले. तरीही स्वतंत्र इंजिनिअरकडून घर तपासून घ्या, असा आमच्या मेहुण्यांचा आग्रह आहे. त्याची खरोखर गरज आहे का, आणि त्या खर्चातून आमच्या हाती नेमके काय येईल?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : मेहुण्यांचे ऐकावे. मूल्यांकनकार बँकेचे काम करतो. कर्ज थकलेच तर ही मालमत्ता विकून रक्कम वसूल होईल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. न्हाणीघराच्या भिंतीत मुरणारे पाणी किंवा गंजलेली सळई शोधणे हे त्याचे काम नव्हे. आपल्याकडे खरेदीपूर्व तपासणी कायद्याने बंधनकारक नाही आणि तिच्यासाठी वेगळा परवानाही नसतो. त्यामुळे महापालिकेकडे नोंदणी असलेला, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आपणच शोधावा. विकणाऱ्याने किंवा एजंटाने सुचवलेला माणूस घेऊ नये. तपासणी चालू असताना आपण स्वतः हजर राहावे, कारण बोट ठेवून दाखवलेली गोष्ट जितकी कळते तितकी ती कागदावर वाचून कळत नाही.

आपली सदनिका गावभागात आणि तळमजल्यावर आहे, म्हणून इंजिनिअरला पहिल्याच फोनवर सांगावे की पुराच्या खुणा मुद्दाम शोधायच्या आहेत. कृष्णेचा मोठा पूर सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली पाहिला. आयर्विन पुलाजवळची धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेले होते. पुरात उभ्या राहिलेल्या घराला नवा रंग देता येतो, पण विटांनी आणि गिलाव्याने शोषलेले क्षार रंगाखालून वर येतच राहतात. भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांतच रंग फुगलेला असेल, नखाने खरवडल्यावर त्याखालून पांढरी भुकटी सुटत असेल, तर तो लोणा आहे. मात्र एवढ्यावरून पुराचा निष्कर्ष काढू नये. जमिनीतून चढणाऱ्या ओलीनेही लोणा येतो. म्हणून चांगला तपासणारा ओलमापक यंत्राने वेगवेगळ्या उंचीवर आकडे घेतो, भिंतीतल्या कपाटाच्या मागची बाजू पाहतो, आणि मुख्य पुरवठा बंद करून खालच्या एखाद्या स्विचबोर्डाची पट्टी उघडतो. आतल्या पत्र्याच्या डबीत वाळलेल्या गाळाचा बारीक थर आणि गंजलेले स्क्रू सापडले, तर विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी पाणी तिथवर आले होते हे उघड होते. अशा घरातले वायरिंग संपूर्ण बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. त्याच वेळी प्रत्येक थ्री-पिन सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजप्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) चाचणीचे बटण दाबल्यावर पडतो का, हेही पाहून घ्यावे. शेजाऱ्यांना ‘पाणी कुठवर आले होते?’ असे साधे विचारले, तर बहुतेक वेळा तेच हात करून उंची दाखवतात.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे पार्किंगमधले कॉलम. कॉलमच्या पायथ्याशी सळईच्या रेषेत उभी भेग गेली असेल, तांबूस ओघळ दिसत असतील किंवा काँक्रीटचे कवच सुटत असेल, तर सळई गंजून फुगली आहे असे समजावे. अशा वेळी काँक्रीट न फोडता त्याची मजबुती अजमावणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी करावी लागते. तिचा खर्च वेगळा असतो आणि तिला सोसायटीची परवानगीही लागते. त्याआधी सोसायटीच्या सचिवांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. म्हणजे आपण पाहत असलेल्या इमारतीचे एक तरी झालेले असले पाहिजे. ते झालेच नसेल, तर सोसायटीचा कारभार कसा चालतो हे त्यावरून कळते.

या तपासणीला मर्यादाही आहेत. इंजिनिअर जे दिसते, हाताला लागते आणि यंत्राने मोजता येते तेवढेच सांगू शकतो. त्याला भिंत फोडता येत नाही, पाया पाहता येत नाही, आणि एप्रिलमध्ये कोरडी दिसलेली गच्ची जुलैमध्ये गळणार नाही अशी हमीही तो देऊ शकत नाही. मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र आणि बोजा (मालमत्तेवरचे कर्ज वगैरे) हे वकिलाने पाहायचे विषय आहेत. इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते.

प्रश्न : शामरावनगरात एक बंगला पसंत केला आहे. तपासणीच्या अहवालात तीसेक त्रुटी निघाल्या आणि त्यांत बऱ्याच भेगा आहेत. घरच्यांचे म्हणणे आहे की नाद सोडून द्यावा. आपले मत काय?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : त्रुटी किती निघाल्या यावरून निर्णय घेऊ नये. नीट पाहिले तर नव्या घरातही तीस त्रुटी निघतात. सैल नळ, पोकळ वाजणारी फरशी, न लागणारी कडी यांना बाजूला काढावे आणि उरलेल्या मोजक्या बाबींवर इंजिनिअरशी पुन्हा बसून बोलावे. त्या सखल भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि पाया पुरेसा खोल नेलेला नसेल तर या हालचालीने घराच्या भिंती तडकतात. कॉलम आणि वीटबांधकाम यांच्या सांध्यावरची सरळ, केसाएवढी भेग बहुधा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, आतून व बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग मात्र पाया खचत असल्याची शंका निर्माण करते. भेग जुनी आणि स्थिरावलेली आहे की अजून वाढते आहे, हे ठरवण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहितात. भिंत हलली की काच तडकते. विकणारा तयार असेल, तर पट्टी लावून पावसाळ्याचे पहिले दोन महिने जाऊ द्यावेत. इतका अवधी मिळत नसेल आणि भेगा तिरक्याच असतील, तर मी आपल्या घरच्यांच्या बाजूने आहे, कारण खचणाऱ्या पायाची दुरुस्ती किती खर्चात पडेल हे आधी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

बाकीच्या दुरुस्त्यांचे अंदाजपत्रक ठेकेदाराकडून लेखी घ्यावे आणि ते समोर ठेवून किंमत ठरवावी. एखादी दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यायचे ठरले, तर ते साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) लिहून घ्यावे; तोंडी आश्वासन खरेदीखतानंतर कोणी पाळत नाही. त्या भागात गुंठेवारीचे (परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचे) भूखंड पुष्कळ असल्यामुळे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र वकिलाला दाखवायला विसरू नये.

प्रश्न : मिरजेत नवीन प्रकल्पात फ्लॅट घेतला आहे. ‘इमारत नवीन आहे, तपासायचे काय?’ असे म्हणून बिल्डर आमच्या इंजिनिअरला आत येऊ देत नाही. आम्ही काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तपासणीसाठी दिवस मागणारे लेखी पत्र किंवा ईमेल बिल्डरला पाठवावे आणि ‘काम समाधानकारक आहे’ अशा मजकुराच्या ताबापत्रावर तोवर सही करू नये. ताबा घ्यावाच लागला, तर दिसलेल्या उणिवा त्याच कागदावर लिहून त्याची पोच घ्यावी. नव्या घरात मुख्यतः पाणी पाहायचे असते : न्हाणीघराचा निचरा बुचाने बंद करून पाणी २४ तास साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावरचे छत पाहावे, बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहते का ते पाहावे, आणि करारातले चटईक्षेत्र स्वतः टेप लावून मोजावे. रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून आज इंजिनिअर आत जाऊ शकला नाही, तरी ताब्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात तपासणी करून घ्यावी, फोटोंसह अहवाल लेखी स्वरूपात बिल्डरकडे द्यावा, आणि मुदतीत काम झाले नाही तर त्याच अहवालाच्या आधारे महारेराकडे (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार दाखल करावी.