वेबस्टर 1828 सापडली? आधी पहिलं पान बघा

आजोबांच्या ट्रंकेत 'वेबस्टर 1828', म्हणजे नोहा वेबस्टरच्या अमेरिकन इंग्रजी शब्दकोशाची प्रत निघाली, ती जपायची कशी आणि स्कॅन करावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी सांगा, कोश एका खंडात आहे की दोन? नोहा वेबस्टरची मूळ आवृत्ती दोन खंडांची. न्यूयॉर्कच्या एस. कन्व्हर्स या प्रकाशकाने काढलेली, प्रती 2,500, किंमत 20 डॉलर. एकाच जाड खंडावर 1828 असेल, तर बहुधा ते 1967 मध्ये सुरू झालेलं हुबेहूब पुनर्मुद्रण. आणि प्रकाशक म्हणून 'मेरियम, स्प्रिंगफील्ड' दिसलं तर ती वेबस्टर गेल्यानंतरची. तो 1843 मध्ये वारला, मेरियम बंधूंनी हक्क घेतले, 1847 ची आवृत्ती वेबस्टरचा जावई गुडरिचने संपादली. 1864 मध्ये तर बर्लिनचे भाषाअभ्यासक मान (Mahn) यांनी शब्दांच्या व्युत्पत्त्याच नव्याने लिहिल्या. बरंच झालं म्हणा! सगळ्या भाषा खाल्डी या एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या असं धरून वेबस्टरने त्या वर्षानुवर्षं घासून लिहिल्या होत्या. पण खुद्द त्याचं लिखाण हवं असेल, तर 1806, 1828 आणि 1841 एवढ्याच आवृत्त्या बघायच्या. नंतर उरलं ते नाव.

स्कॅनच्या भानगडीत पडू नका. 1828 चा मजकूर नेटवर केव्हाच आलाय. पुस्तक काचेवर उताणं दाबलंत तर पाठ मोडेल, बाकी काही हाती लागणार नाही. आजोबांची सही, समासातल्या पेन्सिलच्या खुणा, मध्ये ठेवलेली चिठ्ठी, हे मात्र दुसरीकडे कुठेच नाही. पुस्तक उशीवर अर्धवट उघडून त्याचे फोटो काढा.

कातड्याची तांबूस पूड बोटाला लागते का? मग तेल-पॉलिश अजिबात नको. मी एकदा हा शहाणपणा केला, पानांच्या कडांपर्यंत डाग गेले. सेलोटेपही नको. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, सुती नाडीने सैल बांधून आडवं ठेवा. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, महिन्याकाठी कसर लागलीय का बघा.

ट्रंक नीट उपसा मात्र. वेबस्टरचंच निळ्या पुठ्ठ्याचं बारकं स्पेलिंगचं पुस्तक निघालं तर जपून. 1783 पासून ते कोट्यवधी खपलं, पण पोरांनी वापरून वापरून चिंध्या केल्या, म्हणून सुरुवातीच्या प्रती कोशापेक्षाही दुर्मीळ.

पहिल्या पानाचा फोटो टाका, तळची प्रकाशकाची ओळ दिसू द्या.