गादी किती किलोची?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कर्वेनगरात भाड्याचा फ्लॅट, पलंग घरमालकाचा, 72 बाय 60 इंचांचा. बावधनच्या स्वतःच्या घराचा ताबा दोन वर्षांनी. आताची गादी मधोमध बसली आहे आणि दिवाळीच्या बोनसचे 30,000 हातात आहेत. समोर तीन गाद्या. पेठेतल्या दुकानातली साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची, 32 डेन्सिटी, 6 इंच, 11,500 ला. तिथेच शिवून मिळणारी एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त लवचीक) फोमची, 40 डेन्सिटी, 6 इंच, 17,500 ला. आणि ऑनलाइन मेमरी फोमची 8 इंची, 24,000 ला, दहा वर्षांची वॉरंटी आणि सहा बिनव्याजी हप्ते. मिस्टर म्हणतात, दोन वर्षांपुरती स्वस्तातली घ्या. तुमचं मन ऑनलाइनवर बसलंय. आणि सासूबाईंनी विचारलं, "पण गादी किती किलोची आहे?" त्यावर घरात सगळे हसले.

हसायला नको होतं. तिघांत मुद्द्याचं त्याच बोलल्या.

त्यांच्या काळी गादी किलोवर घेत. अमुक किलो कापूस घाला, एवढं पिंजाऱ्याला सांगितलं की काम झालं. कापूस कमी भरला तर वर्षभरात गादीची चटई होते, हे घरोघरी माहीत होतं. फोमची डेन्सिटी म्हणजे तोच प्रश्न नव्या नावानं. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा म्हणजे डेन्सिटी. 32 चा फोम घनमीटरला 32 किलो, 40 चा 40 किलो. बाकी सगळी हवा. माल जास्त तेवढा फोम रोजच्या वजनाखाली उशिरा थकतो, उशिरा बसतो. तुमच्या मिस्टरांचं वजन 88 किलो आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यातला मोठा भार कंबरेखालच्या दीड-दोन फुटांवर येतो आणि गादी बसते तीही तिथेच.

एक गैरसमज आधी काढून टाकू. "40 म्हणजे कडक असणार" असं तुम्ही लिहिलंय. तसं नसतं. कडक-मऊपणा हे वेगळं माप आहे. फोम ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो, त्यावरून ते ठरतं. 40 डेन्सिटीत मऊही मिळतो आणि घट्टही. डेन्सिटीवरून गादी किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, पाठीला काय मानवेल याचा नाही. ते दुकानात पंधरा मिनिटं आडवं पडूनच कळतं, आणि दोघांनी पडायला हवं. दुकानदाराला सवय असते, लाजू नका.

आता ऑनलाइन गादीचा हिशोब मांडू, कारण खरी गंमत तिथे आहे. तुम्ही पाठवलेल्या माहितीत लिहिलंय: वर 2 इंच मेमरी फोम, 50 डेन्सिटीचा, खाली 6 इंच "हाय सपोर्ट बेस", एकूण वजन 19 किलो. बेसची डेन्सिटी मात्र कुठेच नाही. हरकत नाही, ती आपणच काढू. 72 बाय 60 च्या गादीत जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण 0.0708 घनमीटर फोम असतो. म्हणजे वरच्या 2 इंचांचं वजन झालं 7 किलोच्या आसपास. खोळीचं दीड किलो धरा. 19 मधून साडेआठ गेले, उरले साडेदहा किलो, आणि ते पसरलेत 6 इंचांत, म्हणजे 0.425 घनमीटरमध्ये. भागाकार करा: पंचवीसच्या आतबाहेर.

म्हणजे 24,000 च्या गादीच्या पोटातला फोम 11,500 वालीपेक्षा हलका. तुम्ही रात्रभर ज्याच्या भरवशावर झोपणार तो हा बेस. वरचे दोन इंच हात दाबून बघायला छान वाटतात.

वॉरंटीचं म्हणाल तर दहा वर्षं वॉरंटी म्हणजे दहा वर्षं आयुष्य नव्हे. अटी उघडून वाचा. खड्डा किती खोल झाला तर ते मानतात, डाग पडला तर काय, पलंगाची फळी कशी हवी, ने-आण कुणाच्या खर्चानं, आणि सातव्या वर्षी भरपाई किती टक्के. बऱ्याच वॉरंट्या वर्षागणिक वितळत जातात.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल थोडंच. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच चाप लावला. आता व्याज लागतंच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. कार्डाचा दर 15 टक्के धरला तर सहा महिन्यांचं व्याज हजारभर, त्यावर जीएसटी 180 च्या आसपास, आणि प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसह 235. चारशे रुपये गेले. रक्कम मोठी नाही, पण पैसे बोनसमध्ये पडून असताना ती द्यायचीच कशाला?

आता मिस्टरांचा मुद्दा. वरवर बिनतोड आहे: घर बदलायचंय, पलंग बदलेल, कशाला जास्त घाला. पण दोन वर्षं वापरून टाकायची म्हटलं तर 11,500 भागिले 730 रात्री, म्हणजे रात्रीला पावणेसोळा रुपये. वापरलेल्या गादीला किंमत येत नाही. आमच्या सोसायटीत तर भंगारवाला ती तीन मजले उतरवायचे उलट पैसे मागतो. हीच गादी चार वर्षं रेटली तर रात्रीला आठ रुपये पडतात, पण 88 किलोंखाली साधा 32 चा फोम चार वर्षं धड राहील असं मला वाटत नाही. एचआर 40 आठ वर्षं गेला, आणि माझा अंदाज तेवढाच आहे, तर रात्रीला सहा रुपये. ऑनलाइनवाली तो बेस बघता मी पाच वर्षं धरतो: तेरा रुपये.

पैशांचे हिशोब करणाऱ्या माझ्या धंद्यातला माणूस इथे विचारेल, 11,500 आणि 17,500 मधल्या 6,000 चं काय? ते 7 टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर चार वर्षांनी 7,865 होतील. तेव्हा दुसरी 11,500 ची गादी घ्यायला लागेल, आणि महागाई 5 टक्के धरली तर तिची किंमत होईल 14,000 च्या घरात. सहा हजारांवर कमीच पडतात.

अर्थात हे गणित टिकतं ते गादी खरंच आठ वर्षं वापरली तरच. म्हणून विचारतो, बावधनच्या घरात दोन बेडरूम आहेत ना? मोठ्या खोलीत 78 बाय 72 चा पलंग हवा असेल तर तो खुशाल करा, पण दुसऱ्या खोलीतला पलंग 72 बाय 60 चाच करून घ्या. सुताराला माप आत्तापासून लिहून ठेवा. सासूबाईंना दोन वर्षं वापरलेली पण न बसलेली गादी मिळेल, आणि आजचे पैसे वाया जाणार नाहीत. दुसऱ्या खोलीत पलंग होणारच नसेल, तर मात्र मिस्टरांचं बरोबर आहे. 32 वाली घ्या आणि दोन वर्षांनी तिच्यावर पाणी सोडा.

मी स्वतः लग्नात स्वस्तातली फोमची गादी घेतली होती, दुकानाचं नाव नको. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मधे पर्वती आणि दोन्ही बाजूंना दोघांचे खड्डे. बिलावर लिहिलं होतं फक्त "गादी 1 नग". डेन्सिटी नाही, जाडी नाही. भांडायचं तरी कशावरून?

तेव्हा 17,500 वाली घेताना एवढं करा. खोळ शिवायच्या आधी फोम तुमच्यासमोर काट्यावर घालायला सांगा. 72 बाय 60, 6 इंच, 40 डेन्सिटी म्हणजे 17 किलो भरायला हवा. साडेतेरा-चौदा भरला तर तो 32 चा आहे, दुकानदार काहीही म्हणो. काटा नसेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा हातकाटा घेऊन जा. आणि वजन बरोबर भरलं म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण काही फोममध्ये वजन वाढवायला कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूचीच, भुकटी घालतात. कापलेल्या कडेवर अंगठा घासा. पिठूळ लागलं, कडा भुरभुरली, तर तिथूनच परत फिरा. तसंच कुणी "90 डेन्सिटी, तीही स्वस्तात" म्हणालं तर तो बहुधा रीबॉण्डेड असतो, कातरणांचे तुकडे चिकटवून दाबलेला. वाईट नाही, पण दगडासारखा, आणि त्याच्या 90 ची या 40 शी तुलना होत नाही.

बिलावर "एचआर 40, 72×60×6" असं लिहून घ्या. पैसे रोख किंवा यूपीआयनं एकरकमी द्या आणि त्या बदल्यात पाचशे कमी करायला सांगा, करतील.

उरलेले 12,500 सध्या खर्चू नका. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 62,000 लागतात आणि अडीअडचणीला बाजूला 40,000 आहेत असं तुम्ही लिहिलंय. तो 40,000 चा आकडा मला गादीपेक्षा जास्त टोचतो, पण त्यावर वेगळं लिहा.

आणि सासूबाईंची कापसाची गादी जुनी झाली म्हणून देऊन टाकू नका. पिंजून, नवी खोळ घालून घ्या. दिवाळीला पाहुणे आले की लागेलच.