अमेरिकी लष्करात युनिट (लष्करी तुकडी) ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करताना, म्हणजे अधिकृतपणे सुरू करताना, समारंभ कशासाठी करतात? माणसं तर आधीच तिथे असतात ना?

असतात, बहुतेक वेळा. मी फौजेत नव्हतो, लष्करी इतिहासाचं वेड आहे एवढंच. पण या प्रश्नाचं उत्तर झेंड्यात सापडतं. अमेरिकी लष्कराच्या लेखी युनिट म्हणजे त्यातली माणसं नव्हेत, ती येतात-जातात. युनिट म्हणजे नाव, वंशावळ आणि झेंडा. युनिट बंद केलं की झेंडा गुंडाळून त्यावर खोळ चढवतात, पुन्हा उभं केलं की ती उतरवतात. समारंभाचा गाभा हाच.

सैनिक रांगेत उभे असतात. हुकूम मोठ्यानं वाचला जातो. झेंडेकरी काठी पुढे झुकवतो आणि कमांडर व कमांड सार्जंट मेजर (अधिकारी नसलेल्या सैनिकांतला सर्वात ज्येष्ठ) मिळून खोळ ओढून काढतात, कापड उलगडतात. झालं, युनिट उभं राहिलं! उरलेला वेळ भाषणांचा. तोवर गुडघे ताठ करून उभं राहू नका, असं नवख्यांना बजावलेलं असतं, नाहीतर भोवळ येऊन एखादा सरळ आडवा होतो.

झेंडा उलगडला की काठीच्या टोकाच्या रंगीत फितीही मोकळ्या होतात. एक फीत म्हणजे एक मोहीम किंवा एक सन्मान, त्याचं नाव फितीवरच असतं. कोरा क्रमांक देण्यापेक्षा जुना परत आणण्याकडे कल असतो तो यामुळेच. या फिती विकत मिळत नाहीत.

११ व्या एअरबोर्न (विमानातून उतरणाऱ्या सैनिकांच्या) डिव्हिजनचंच बघा. १९४३ साली ती उभी राहिली, फिलिपिन्समध्ये लढली. फेब्रुवारी १९४५ मध्ये लॉस बान्योसच्या जपानी छावणीतून दोन हजारांवर कैदी सोडवण्यात तिचे छत्रीधारी सैनिक होते. १९५८ मध्ये तिचा झेंडा खोळीत गेला. पुढे हेलिकॉप्टरच्या प्रयोगांसाठी हाच क्रमांक बाहेर काढला, आणि १९६५ मध्ये प्रयोग यशस्वी ठरल्यावर तिची माणसं, हेलिकॉप्टरं सगळं पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या नावावर चढलं. अकराव्याचा झेंडा परत खोळीत!

६ जून २०२२ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या वाढदिवशी, अलास्कात तो पुन्हा उलगडला. तिथल्या ब्रिगेड (डिव्हिजनमधल्या मोठ्या तुकड्या) तोवर २५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या होत्या. सैनिक तेच, बराकी त्याच; दंडावरचा जुना बिल्ला गेला आणि पंखांचा ‘११’ आला. मला तरी ही निव्वळ नावाची अदलाबदल वाटत नाही. उष्ण प्रदेशातल्या लढाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या डिव्हिजनचा बिल्ला लावून बर्फात राहणाऱ्यांना त्या दिवशी स्वतःचं काम सांगणारी ओळख मिळाली.

कंपनीला, म्हणजे लहान तुकडीला, मात्र असा मोठा झेंडा नसतो, तिचं गाइडन म्हणजे टोकाला दुभंगलेलं छोटं निशाण असतं.

आणि कायद्यानं बघाल तर समारंभ नाही झाला तरी अडत नाही. हुकमात जी तारीख असते त्या तारखेला युनिट सुरू झालेलं असतं. पावसानं संचलन पुढे गेलं तरी.