कॅमेरा राहू दे, आधी आवाजाचं बघा

प्रश्न: मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत गणित शिकवते. आमची पोरं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला बसतात, महाराष्ट्र बोर्डाचे व्हिडिओ त्यांच्या पुस्तकाशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःच करायला घेतलेत. दोन ग्रुपवर टाकले तर पोरं म्हणतात, बाई, आवाजच येईना की. भाऊ म्हणतो हप्त्यावर चांगला कॅमेरा घे. माझा फोन तीन वर्षांचा आहे. काय घेऊ?

उत्तर: बाई, कॅमेरा अजिबात घेऊ नका. तुमच्या फोनचा मागचा कॅमेरा (सेल्फीचा नव्हे हं) १०८०पी (फुल एचडी) आरामात घेतो आणि पोरं बघणार बारक्या स्क्रीनवर, तेही डेटा वाचवायला क्वालिटी कमी करून, मग तुमचा महागाचा कॅमेरा दिसणार कुणाला.

घोटाळा आवाजाचा आहे. फोन फळ्यापासून सात-आठ फुटांवर ठेवला असणार, तिथवर तुमचा आवाज जाईस्तोवर पंखा, कौलांवरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे सगळं त्यात मिसळतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, पाऊस मात्र आहे तेवढाच. म्हणून वायरचा कॉलर माईक घ्या. बोया कंपनीचा बीवाय-एम१ बघा, वायर ६ मीटर आहे, फळ्यापाशी फिरायला भरपूर झाली. हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, पण पदराला नको, पदर सरकला की खरखर, आणि मंगळसूत्र त्याला घासत नाही ना तेवढं बघा, दर समीकरणाला किणकिण ऐकू येते.

आता पिनेचं. फोनला चालणाऱ्या माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, दोनच असल्या तर तो कॅमेऱ्याचा. मी स्वतः फसलोय, दुकानदार म्हणाला चालतंय की, मी तासभर बोललो आणि सगळं फोनच्याच माईकनं घेतलेलं! बोयाच्या वायरवर जी डबी असते तिच्यावर बारकं बटण आहे, ते स्मार्टफोनकडं करायचं. फोनला गोल भोक नसेल तर टाईप-सीचा कन्व्हर्टर लागतो, तो सगळ्याच फोनला चालतो असं नाही, त्यामुळे फोन घेऊनच बेळगावला जा आणि दुकानातच दहा सेकंद रेकॉर्ड करा. आधी माईकवर टिचकी मारा, मग फोनवर, ज्या टिचकीचा आवाज मोठा तोच माईक चालू आहे.

उजेडाला खिडकी बरी, पण बाजूची, समोरची असली तर व्हाईटबोर्ड चमकतो. जुलैत तुमच्याकडं उजेड कुठला म्हणा, ट्यूबलाईट लावावीच लागेल. मग व्हिडिओत काळे पट्टे पळायला लागले तर फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं बदलता येतं) शटर स्पीड १/५० सेकंद करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते म्हणून.

ट्रायपॉड साधा चालतो. आणि फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर तुम्ही त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनापर्यंत याल आणि नेमका भावाचाच फोन येईल, घेतलास का कॅमेरा म्हणून.